कळतं, पण वळत नाही



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य प्राथमिक शाळेच्या वर्गात गेलं. म्हणून आज मी वर्गातल्याच एका मुलाबद्दल बोलणार आहे. हे मूल तुमच्या ओळखीचं आहे. त्याची पट्टी, रबर, डबा, स्वेटर यांतलं काही ना काही रोज हरवतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते उत्तर देतं आणि उत्तर निम्मं व्हायच्या आत खिडकीबाहेर बघायला लागतं. कुणी त्याला द्वाड म्हणतं, कुणी वेंधळं, कुणी आगाऊ. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तर शंभरातल्या सुमारे पाच मुलांना अवधान-न्यूनता आणि अतिचंचलतेचा विकार असतो. आपण त्याला सरळ एडीएचडी म्हणू. चाळिसांच्या वर्गात अशी दोन मुलं निघतात.

बालमनोविकारतज्ज्ञ म्हणून मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा : "डॉक्टर, मोबाइल हातात दिला की दोन तास हलत नाही. आयपीएलच्या सगळ्या टीम तोंडपाठ. मग अभ्यासालाच लक्ष कसं लागत नाही? हा आळसच झाला ना?" प्रश्न अगदी वाजवी आहे आणि त्याच्या उत्तरात या विकाराचं मर्म दडलेलं आहे.

या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे वळवणं, कंटाळा आला तरी तिथे धरून ठेवणं आणि गरज संपली की काढून घेणं, हे त्यांना साधत नाही. मोबाइलवरचा खेळ दर काही सेकंदांनी बक्षीस देतो : आवाज, रंग, गुण, पुढची पायरी. मराठीच्या निबंधाचं बक्षीस तपासलेली वही परत मिळेल तेव्हा, म्हणजे आठवड्याने. आपल्या मनाला आठवड्यानंतरच्या बक्षिसाची थोडी तरी ओढ वाटते आणि त्या ओढीवर आपण अर्धा तास रेटतो. एडीएचडी असलेल्या मुलाला दूरचं बक्षीस फार फिकं दिसतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एडमंड सोनुगा-बार्क यांनी या मुलांना थांबणं किती जड जातं यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. म्हणून मोबाइलवरच्या दोन तासांनी विकार नाही असं सिद्ध होत नाही.

संध्याकाळची एक वेळ डोळ्यांसमोर आणा. दहा गणितं आहेत. पहिली दोन मुलगा झटक्यात सोडवतो, बरोबर सोडवतो. तिसऱ्याला पेन्सिल तासायला उठतो. येताना मांजर दिसतं. परत बसतो तेव्हा आपण कितव्या गणितावर होतो ते आठवत नाही, वजाबाकीच्या जागी बेरीज करतो. आई ओरडते. सहावं गणित तो रडत सोडवतो. साडेनऊला वही मिटते आणि तोवर घरातल्या कुणीही एकमेकांशी एक धड वाक्य बोललेलं नसतं. आईला कळत नाही की पहिली दोन गणितं ज्याला आली त्याला सातवं का येऊ नये. म्हणजे मुद्दाम करतो! इथे ती चुकते आणि त्या चुकीतून पुढच्या दहा वर्षांचं दुःख उगवतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी सातत्याने मांडलेला विचार मला पटतो : या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, पण जे माहीत आहे ते नेमक्या क्षणी हातून घडत नाही. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पोहरा काठाशी येईपर्यंत निम्मा सांडलेला असतो. आपण मात्र मुलाला विहीर कोरडी म्हणून बोल लावतो.

बोल लावण्याचा इतिहास जुना आहे. मार्च १९०२मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्यानं दिली. त्यांच्यासमोर ४३ मुलांच्या नोंदी होत्या. अनेकांची बुद्धी चांगली होती, घरचं वळणही चांगलं होतं, तरी मुलं आवरत नव्हती, शिक्षेचा उपयोग होत नव्हता. स्टिल यांनी बारकाईने पाहिलं आणि कारण शरीरात असावं असं सुचवलं, ही त्यांची थोरवी. पण त्यांनी याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं आणि ती नैतिकता या मुलांच्या पाठीला चिकटली ती आजही पुरती निघालेली नाही. शाळेच्या शेरेबुकात ती मला दर आठवड्याला दिसते.

उपचाराची गोष्ट मात्र एका आई-वडिलांच्या दुःखातून सुरू होते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या जॉर्ज ब्रॅडली यांची मुलगी एमा सातव्या वर्षी मेंदूज्वराने कायमची अपंग झाली. अशा मुलांसाठी काहीच सोय नाही हे पाहून त्यांनी आपलं घर आणि संपत्ती तिच्या नावाच्या रुग्णालयासाठी ठेवली. १९३१मध्ये ते उघडलं. त्याच घराण्यातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली तिथे काम करू लागले. तपासणीसाठी मुलांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागे आणि मग डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रीन हे अ‍ॅम्फेटामीन वर्गातलं औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा गुण आला नाही, पण शिक्षक येऊन सांगू लागले की मुलं अभ्यासाला बसताहेत. १९३७मध्ये त्यांनी ३० मुलांवरचे निष्कर्ष छापले. त्यांतल्या १४ मुलांच्या शाळेतल्या कामात डोळ्यांत भरण्यासारखा फरक पडला होता. मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असं नाव दिलं. पुढे १९४४मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट बनवलं. त्याचं रिटालिन हे व्यापारी नाव त्यांच्या पत्नीच्या रीटा या नावावरून आलं. आज आपल्याकडे मुलांना देतात ते मुख्य औषध हेच.

मेंदूत नेमकं काय वेगळं असतं? याचं पूर्ण उत्तर देणारं चित्र अजून तयार झालेलं नाही, पण त्याचे काही तुकडे पक्के आहेत. २००७मध्ये फिलिप शॉ आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूची वाढ तपासली. मेंदूच्या बाह्य थराची जाडी सर्वसाधारण मुलांत साडेसातव्या वर्षाच्या आसपास शिखर गाठते. एडीएचडी असलेल्या मुलांत तेच शिखर साडेदहाच्या सुमाराला येतं. सगळ्यांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात, म्हणजे थांबणं, आखणं, मनात धरून ठेवणं ही कामं जिथून चालतात तिथे. दहा वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांच्या मुलासारखा संयम मागताना हे लक्षात ठेवायला हवं. हा निष्कर्ष गटाचा आहे. एकट्या मुलाचं स्कॅन काढून निदान होत नाही आणि तसा दावा करून कुणी महागडी तपासणी सुचवली तर नम्रपणे नकार द्या.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या या फरकाचा सुमारे ७४ टक्के भाग जनुकांशी जोडला जातो. जनुकं पुष्कळ, प्रत्येकाचा वाटा लहान. तपासणीला आजी सोबत आली असेल तर ती हमखास म्हणते, "याचा बापही असाच होता, दहावीपर्यंत मार खाल्ला." ही माहिती माझ्यासाठी फार मोलाची असते. ती ऐकताना वडील खाली बघतात. ज्या वडिलांना स्वतःलाच कधी वेळेवर बिल भरता आलं नाही, त्यांच्याकडून मुलासाठी काटेकोर वेळापत्रक मागताना डॉक्टरांनी त्यांनाही आधार द्यायला हवा. मुदतीआधी जन्म, जन्मावेळचं कमी वजन, शिशाशी संपर्क यांनीही धोका वाढतो. आईच्या लाडाने किंवा तिच्या नोकरीने हा विकार होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्याने म्हणते, कारण घराघरांत आरोपीच्या पिंजऱ्यात आईच उभी असते.

आता निदान. रक्ताची चाचणी नाही, यंत्र नाही, म्हणून ते घाईत उरकता येत नाही. अवधान-न्यूनतेची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं ठरलेली आहेत. कोणत्याही एका गटातली किमान सहा, सहा महिन्यांहून अधिक काळ, वयाच्या मानाने जास्त, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत आणि त्यांनी मुलाचं जगणं अडलेलं असलं पाहिजे. सुरुवात बाराव्या वर्षाआधी झालेली हवी. हा निकष २०१३मध्ये बदलला, त्याआधी तो सातव्या वर्षाचा होता. सतराव्या वर्षापासून पुढे पाच लक्षणं पुरतात.

निकषांपेक्षा अवघड काम म्हणजे दुसरं काही नाही ना, हे पाहणं. कानात पाणी साचून कमी ऐकू येणारं मूल हाक मारली तरी वळत नाही. नाकामागची गाठ वाढल्यामुळे रात्रभर घोरणारं मूल दिवसा चिडचिडं आणि अस्थिर होतं. काही सेकंदांपुरती शुद्ध हरपणारी अपस्माराची एक तऱ्हा स्वप्नाळूपणा म्हणून खपून जाते. घरात मारहाण पाहणारं मूल फळ्याकडे बघतं आणि त्याला फळा दिसत नाही. आपल्याकडची आणखी एक गोष्ट मी कधीही विसरत नाही. घरी मराठी किंवा अहिराणी बोलणारं, इंग्रजी शाळेत घातलेलं सहा वर्षांचं पोर शिक्षिकेचं बोलणंच समजत नसल्यामुळे चुळबुळ करत असतं. त्याला मराठीत गोष्ट सांगून पाहा. ते टक लावून ऐकतं आणि पुढचे प्रश्न विचारतं. त्याला उपचाराची गरजच नाही.

वयाचाही घोटाळा होतो. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यांत धाकटी असतात. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात त्यांच्यातलं एडीएचडीचं निदान सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त आढळलं. म्हणजे कितीतरी मुलांना विकार नव्हता, ती फक्त लहान होती. मुलाला वर्षभर लवकर पहिलीत घालण्याची धडपड करणाऱ्या पालकांनी हा आकडा घरी घेऊन जावा.

याच्या उलट, मुली सुटून जातात. मुलग्यांत हे निदान मुलींपेक्षा दुपटीहून जास्त होतं, याचं एक कारण मुली बाकावर उड्या मारत नाहीत. अशी मुलगी शेवटच्या बाकावर शांत बसलेली असते, वहीच्या कडेला वेलबुट्टी काढत. सातवीपर्यंत हुशारीवर निभावतं. आठवी-नववीत विषय वाढतात, वह्या वाढतात आणि ती कोसळते. तिला आमच्याकडे आणतात ते उदासी किंवा पोटदुखी म्हणून. कुणाला त्रास देत नसल्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. सौम्य वागणाऱ्या मुलींची अशी वर्षं वाया जाताना पाहणं मला फार जड जातं.

उपचाराबद्दल माझं म्हणणं एका वाक्यात सांगते : मूल जिथे अडखळतं, तिथे उपचार पोचला पाहिजे. दवाखान्यात तासभर केलेला उपदेश रविवारी संध्याकाळी त्या सातव्या गणितापाशी कामाला येत नाही. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांत पहिला उपचार पालकांचं प्रशिक्षण हा असतो. एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन. दहा गणितांच्या जागी तीन, मग पाच मिनिटं उड्या, मग पुन्हा तीन. चांगलं केलं की लगेच, त्याच मिनिटाला शाबासकी. महिनाअखेरीच्या सायकलीचा उपयोग नाही, पण संध्याकाळच्या एका चांदणीचा आहे. किरकोळ चाळ्यांकडे काणाडोळा. शिक्षा क्वचित, छोटी आणि आधी सांगितलेली. हे सोपं वाटतं, पण थकलेल्या माणसाला ते रोज करणं फार कठीण आहे. म्हणून ते शिकावं लागतं आणि घरातल्या सगळ्यांना मिळून करावं लागतं. आईने ठरवलेला नियम आजोबांनी गुपचूप मोडला की मूल फक्त मोडणंच शिकतं.

शाळेकडून फार मोठ्या गोष्टी नको आहेत. दारा-खिडकीपासून दूर, पुढचा बाक. गृहपाठ फळ्यावर लिहिलेला. हजेरीपट किंवा खडू आणायला पाठवण्याच्या निमित्ताने हक्काचं हिंडणं. मोठ्या कामाचे तुकडे. दोन-तीन ठरावीक गोष्टींवर शिक्षकांनी रोज खूण केलेली चिठ्ठी, जी पाहून घरी बक्षीस मिळतं. या साध्या उपायाच्या बाजूने भरपूर पुरावा आहे. कोसबाडला शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मुलाने शाळेसारखं व्हावं याची वाट न पाहता शाळेने मुलाकडे जावं, ही रीत आपल्या मातीत रुजलेली आहे. मारणं आणि वर्गासमोर अपमान करणं तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने निषिद्धच आहे. मात्र साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेकडून हे सगळं मागणं अन्यायाचं आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं.

औषधावर थोडं थांबते, कारण भीती तिथेच आहे. मेथिलफेनिडेट मेंदूतली डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही रसायनं लवकर परत शोषली जाऊ देत नाही, त्यामुळे ती जास्त वेळ काम करतात. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू होते आणि तीन-चार तास टिकते. हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास. दहांतल्या सुमारे सात मुलांना गुण येतो. भूक कमी होते, झोप उशिरा लागते, कधी पोट किंवा डोकं दुखतं, नाडी आणि रक्तदाब किंचित वाढतात, उंचीची वाढ थोडी मंदावू शकते. म्हणून सुरुवात लहान मात्रेने, आणि वजन, उंची, नाडी, रक्तदाब यांची नोंद प्रत्येक भेटीत. घरात हृदयविकाराने कुणी तरुणपणी गेलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. हे औषध मानवत नसेल तर अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. मूल यंत्रासारखं, गप्पगप्प झालं तर मात्रा चुकली आहे, डॉक्टरांना लगेच कळवा.

"सवय लागेल का?" असं विचारतात. गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच ते अमली पदार्थविषयक कायद्याखाली आणि औषध नियमांच्या परिशिष्ट एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक दुकानदाराकडे राहते. देखरेखीखाली योग्य मात्रेत घेणाऱ्या मुलाला व्यसन लागतं असं अभ्यासांत दिसत नाही. अडचण वेगळीच आहे. तालुक्याच्या गावी हे औषध ठेवणारं दुकान नसतं आणि बाप महिन्यातून एक दिवस रजा टाकून एसटीने शहरात येतो. दुसऱ्या टोकाला, स्मरणशक्तीची सिरपं आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारे वर्ग गल्लोगल्ली मिळतात. त्यांच्यामागे भरवशाचा पुरावा नाही. लोक तिकडे वळतात ते अडाणीपणाने नव्हे. ते दार उघडं असतं आणि आमचं दार लांब असतं.

औषध किती काम करतं याबद्दल अमेरिकेतला १९९९चा एमटीए अभ्यास फार शिकवतो. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चार गट, चौदा महिने. एका गटाला काटेकोर औषधोपचार, दुसऱ्याला सखोल वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला नेहमीच्या डॉक्टरांकडचे उपचार. मुख्य लक्षणं पहिल्या आणि तिसऱ्या गटांत सर्वांत जास्त कमी झाली. पण माझं लक्ष नेहमी चौथ्या गटाकडे जातं. त्यांतल्या दोनतृतीयांश मुलांनाही औषध मिळत होतंच! तरी त्यांना तेवढा गुण आला नाही. फरक होता तो देखरेखीचा : पहिल्या गटात दर महिन्याला अर्धा तास भेट, शिक्षकांशी बोलणं, मात्रेची जुळवाजुळव. तिसऱ्या गटातल्या मुलांना पहिल्या गटापेक्षा कमी मात्रा पुरली आणि घरातले संबंध अधिक सुधारले. अभ्यास संपल्यावर ती खास देखरेख थांबली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत चारही गटांतला फरक पुसला गेला. यावरून काही जण औषध निरुपयोगी ठरवतात. मला त्यातून दिसतं ते असं, की उपचार चालू असेपर्यंत आणि नीट असेल तरच काम करतो. एकदा चिठ्ठी लिहून सहा महिन्यांनी बोलावणाऱ्या माझ्या व्यवसायाला हा निकाल लागू आहे.

किशोरवयात सगळं बदलतं. उड्या मारणं कमी होतं, आतली अस्वस्थता राहते, म्हणून घरच्यांना वाटतं बरा झाला. नेमक्या त्याच वर्षांत दहावी, क्लास, मोबाइल, मित्र आणि दुचाकी एकदम येतात. आणि मुलगा गोळी थुंकून टाकायला लागतो, कारण वर्गात कुणीतरी त्याला वेड्याची गोळी म्हटलेलं असतं. अशा वेळी आधी मुलाशी एकट्याने बोललं पाहिजे. गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या दिवसांची नोंद त्यानेच ठेवावी, फरक त्यानेच सांगावा. दुचाकीबद्दल मी कडक आहे. स्वीडनमधल्या २०१४च्या एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या प्रौढ पुरुषांत औषध चालू असलेल्या काळात गंभीर अपघातांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी आढळला. स्त्रियांत तसा ठळक फरक दिसला नाही. परवान्याचं वय झाल्याशिवाय गाडी नाही, हेल्मेटशिवाय नाही, आणि हा नियम कौतुकापोटी मोडायचा नाही. झोप, रोजचा घाम निघेल असा खेळ, आणि रात्री मोबाइल खोलीबाहेर : या तीन गोष्टींवरही मी भांडते. यांतल्या बऱ्याच मुलांना जोडीने वाचन-लेखनाची अक्षमता, चिंता किंवा उदासी असते. तीही शोधून तिच्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात, नाहीतर गोळीने लक्ष लागतं आणि मूल न वाचता येणाऱ्या पानाकडे अधिक एकाग्रतेने बघत बसतं.

शेवटी व्यवस्थेबद्दल. २०१३पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा विकार आहे, तपासणीची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत जातात. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडीची स्वतंत्र नोंद नाही. त्यामुळे जोडीला अध्ययन अक्षमता असेल तर परीक्षेतल्या सवलतींचा रस्ता सापडतो आणि निव्वळ एडीएचडी असेल तर पालक कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतात. हे बदलावं यासाठी पालकांच्या संघटना आणि आम्ही डॉक्टर मिळून पाठपुरावा करायला हवा. तोवर समोर बसलेल्या शिक्षकांकडे माझी एक मागणी आहे. एखाद्या मुलाला आमच्याकडे पाठवाल तेव्हा सोबत अर्धं पान लिहून द्या. निदान करू नका, दिसलं ते लिहा : कोणत्या तासाला बसतो, कोणत्या तासाला उठतो, किती वेळाने, डबा खाल्ल्यावर काही फरक पडतो का, कोणाशी खेळतो, तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत किती अंतर आहे आणि त्याला काय चांगलं येतं. हा शेवटचा मुद्दा वगळू नका. आई-वडिलांसमोर तो कागद वाचताना मी सुरुवात तिथूनच करते.